दाढ उपटण्याआधी आणि गोळी सुरू करण्याआधी

वाचकाचं पत्र:

नमस्कार डॉक्टर. माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांचं डाव्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि नंतर ३० लाईट (रेडिएशन) दिल्या. मागच्या तपासणीत सगळं ठीक असल्याचं सांगितलं. पण मानेची डावी बाजू कडक झाली आहे, तोंडात जेमतेम दोन बोटं जातात, थुंकी सुकली आहे. भाकरी आमटीत कुस्करून खातात. आता खालची डावी दाढ हलायला लागली आहे आणि गावातले दातांचे डॉक्टर पुढच्या आठवड्यात ती काढू म्हणतात. माझ्या चुलतभावाचं मेडिकल आहे. तो म्हणतो, पेन्टॉक्सिफायलिनची गोळी आणि व्हिटॅमिन ईची कॅप्सूल बरोबर घेतली की लाईटनं झालेलं नुकसान भरून निघतं, आणि आधीच घेतली तर होतच नाही. वडिलांना शुगर आहे, रक्त पातळ ठेवायची गोळीही चालू आहे. दुसरं म्हणजे माझ्या वहिनीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आहे, पुढच्या महिन्यात पुण्याला तिच्या लाईट सुरू होतील. तिला या गोळ्या पहिल्या दिवसापासून द्यायच्या का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर:

ताई, बाकीचं नंतर वाचा. आधी दातांच्या डॉक्टरांना फोन करून पुढच्या आठवड्याची वेळ रद्द करा. त्यांना एवढंच सांगा की त्या बाजूच्या जबड्याला लाईट दिलेल्या आहेत आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाढ काढायची नाही. हे ऐकल्यावर कुठलाही जाणता दंतवैद्य स्वतःच थांबेल. पुष्कळदा त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. पेशंट दाढ दाखवतो आणि कॅन्सरची फाइल घरी कपाटात असते.

एवढी घाई कशासाठी, ते सांगते. खालच्या जबड्याच्या हाडाला मुळातच रक्त कमी मिळतं. गालाच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर साधारण ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप) डोस देतात आणि गालाला लागून असलेल्या हाडाच्या वाट्यालाही त्यातला बराचसा येतो. पुढच्या काही महिन्यांत आणि वर्षांत त्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत जातात, नवं हाड बनवणाऱ्या पेशी कमी होतात. असं हाड रोजच्या चावण्यापुरतं टिकून असतं. दाढ उपटली की मात्र जखम भरायला जे रक्त लागतं ते त्याला मिळत नाही. खड्डा भरत नाही, हिरडी मिटत नाही आणि काही आठवड्यांनी तिथे उघडं हाड दिसायला लागतं: पिवळट पांढरं, बोटाला खरखरीत, जिभेला टोचणारं. पू येतो, घाण वास येतो. काहींचा जबडा पुढे साध्या घासानंही मोडतो. डॉक्टर याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. हा धोका दोन-चार वर्षांनी संपत नाही, तो कायमचा असतो. आणि कधीकधी दाढ न काढताही हे होतं, म्हणून हलणाऱ्या दाढेच्या आजूबाजूला हिरडीतून हाड डोकावतंय का, हे आधी बघायला हवं.

याचा अर्थ दाढ कधीच काढता येणार नाही असा नाही. पण ती कुठे आणि कशी काढायची, हे ठरवून करायचं काम आहे. जिथे लाईट दिल्या तिथे कॉम्प्युटरवर त्यांचा आराखडा जपलेला असतो. त्या दाढेच्या मुळाशी नेमका किती ग्रे डोस पोचला, हे त्यात पाहता येतं. डोस कमी असेल तर काळजी कमी. जास्त असेल तर शक्यतो रूट कॅनाल करून दाढेचा वरचा भाग घासून टाकतात आणि मुळं हाडातच राहू देतात, म्हणजे हाडाला जखम होत नाही. काढावीच लागली तर अँटिबायोटिक देऊन, हाडाला कमीत कमी धक्का लावून, हिरडी टाके घालून बंद करतात. अशा वेळी बरेच डॉक्टर तुमच्या भावानं सांगितलेली जोडीच दाढ काढण्याच्या काही आठवडे आधी सुरू करतात आणि जखम भरेपर्यंत चालू ठेवतात. म्हणजे भाऊ अगदीच हवेतलं बोलत नाहीये. फक्त त्याच्या बोलण्यात अर्धी गोष्ट आहे, आणि उरलेल्या अर्ध्या गोष्टीत तुमच्या वहिनीचा धोका आहे.

आधी नुकसान कसं होतं ते बघू. लाईटमुळे पेशींमधल्या पाण्यातून फ्री रॅडिकल नावाचे फार जहाल कण तयार होतात आणि ते पेशींचा डीएनए तोडतात. कॅन्सरच्या पेशी मरतात त्या यानंच. शेजारच्या चांगल्या पेशींनाही मार बसतो. कातडी लाल होणं, सोलवटणं, तोंडात फोड येणं हे लाईट चालू असताना होतं आणि संपल्यावर काही आठवड्यांत बहुधा भरून येतं. मानेचा कडकपणा ही वेगळी गोष्ट आहे. तो उशिरा येतो, सहा महिन्यांनी, वर्षानं, कधी त्याहून पुढे. मार खाल्लेल्या भागात दाह धुमसत राहतो, टीजीएफ-बीटा नावाचं रसायन तिथल्या पेशींना सारखं धागे विणायला सांगतं आणि मऊ स्नायूच्या जागी चिवट वणासारखा भाग तयार होतो. याला फायब्रोसिस म्हणतात. तुमच्या वडिलांनी पूर्वी गुटखा, सुपारी खाल्ली असेल तर त्यांचं तोंड लाईटच्या आधीपासूनच आखडलेलं असू शकतं. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी आमच्याकडे गालाचे पेशंट येतात त्यातले कितीतरी असेच दुहेरी आखडलेले असतात.

आता ती जोडी. पेन्टॉक्सिफायलिन हे जुनं औषध. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन चालताना पोटऱ्या दुखतात, अशा पेशंटना ते देत आले आहेत. त्यानं लाल पेशी जास्त लवचिक होतात, बारीक वाहिन्यांतून रक्त सरकतं आणि दाह वाढवणारी काही रसायनं कमी बनतात. व्हिटॅमिन ई फ्री रॅडिकल निकामी करतं. दोन्ही एकत्र दिली तर फायब्रोसिस मऊ पडतो, हे फ्रान्समधल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट मांडलं. २००३ मध्ये त्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या लाईटनंतर कातडी आणि त्याखालचा भाग कडक झालेल्या २४ बायकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना दोन्ही औषधं सहा महिने मिळाली, त्यांचा कडक भाग खोट्या गोळ्या मिळालेल्यांपेक्षा जास्त आक्रसला. अमेरिकेत २०१३ मध्ये ५३ बायकांचा अभ्यास आला. त्यात लाईट संपल्यानंतर सहा महिने ही जोडी दिली आणि स्तन कमी कडक झाले. जबड्याच्या उघड्या हाडाबद्दल त्याच फ्रेंच गटानं २०११ मध्ये ५४ रुग्णांचा अनुभव लिहिला. या जोडीला हाडाचं एक औषध जोडून महिनोनमहिने उपचार केल्यावर बहुतेकांचं हाड झाकलं गेलं. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

यावरून मी काय समजते? औषधात दम आहे, पण पुरावा छोटा आहे. उलट निकालही आहेत. इंग्लंडमध्ये लाईटनंतर हाताला सूज आलेल्या ६८ बायकांच्या अभ्यासात हीच जोडी खोट्या गोळ्यांशी ताडून पाहिली, तेव्हा काही उपयोग दिसला नाही. म्हणून कोणी ‘नुकसान भरून निघतं’ असं ठामपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. थोडं मऊ पडेल, तोंड थोडं जास्त उघडेल, पुढचं आखडणं हळू होईल, एवढी आशा रास्त आहे. तीही लगेच नाही. पहिल्या दोन महिन्यांत फरक पडला नाही म्हणून बरेच जण सोडतात, आणि ज्यांना फरक पडतो तेही लवकर सोडतात. फ्रेंच डॉक्टरांनीच पुढे दाखवलं की जुना फायब्रोसिस असलेल्यांनी औषध वर्षभरात बंद केलं तर कडकपणा पुन्हा वाढतो, त्यांना ते दोन-तीन वर्षं घ्यावं लागतं. घरच्यांनी सुरुवातीलाच एवढी तयारी ठेवावी.

वडिलांना ही जोडी चालेल का, हे त्यांच्या लाईटच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मला त्यात तीन अडचणी दिसतात. पहिली, रक्त पातळ ठेवायची गोळी. पेन्टॉक्सिफायलिनही रक्तस्रावाकडे झुकवतं आणि व्हिटॅमिन ईच्या मोठ्या डोसनंही तेच होतं. तिन्ही एकत्र आणि वर दाढ काढणं, हे मेडिकलच्या काउंटरवर ठरवायचं गणित नाही. ती गोळी ॲस्पिरिन आहे, क्लोपिडोग्रेल आहे की वॉरफरिन, त्यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून पाकीट बरोबर न्या. कधी मेंदूत किंवा डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झाला असेल तर हे औषध नकोच. शुगर असलेल्या माणसाचा डोळ्याचा पडदा तपासलेला नसेल तर आधी तो तपासून घ्या. दुसरी अडचण शुगरचीच. या औषधानं शुगरच्या गोळ्यांचा जोर वाढू शकतो, तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे घरी मशिनवर शुगर तपासत राहा. बीपीही थोडं उतरू शकतं. मळमळ आणि चक्कर हे नेहमीचे त्रास, म्हणून गोळी जेवणानंतरच, आणि ती अख्खी गिळायची. वडिलांना गिळायला त्रास आहे म्हणून ती कुटून आमटीत घालाल, तसं करू नका. हळूहळू विरघळणारी गोळी आहे ती, कुटली की सगळं औषध एकदम रक्तात जातं. तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची: मानेतला प्रत्येक कडकपणा फायब्रोसिस नसतो. कॅन्सर परत आला तरी सुरुवातीला तो कधीकधी असाच हाताला लागतो. कडक भाग वाढतोय का, एखादी गाठ वेगळी लागते का, कान दुखतो का, हे तज्ज्ञाच्या बोटांनी आणि गरज पडली तर स्कॅननं बघून झाल्याशिवाय गोळ्या सुरू करू नयेत. ही जोडी कॅन्सर नाही हे नक्की झालेल्यांसाठीच आहे.

व्हिटॅमिन ईबद्दल अजून एक. एव्हिऑनची हिरवी कॅप्सूल आपल्याकडे केस, कातडी, पायातले गोळे, कशासाठीही घेतात आणि ती निरुपद्रवी समजतात. अमेरिकेत ३५,००० पुरुषांवर झालेल्या अभ्यासात रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वडिलांसाठी फायदा मोठा असेल तर हा धोका पत्करता येतो, पण टॉनिक म्हणून घेत राहण्यासारखी ही कॅप्सूल नाही.

आता वहिनी. त्यांना लाईट चालू असताना ही जोडी देऊ नका. एकही दिवस नाही. लाईटचं काम फ्री रॅडिकलवर चालतं, आणि व्हिटॅमिन ई त्यांनाच निकामी करतं. ते चांगल्या पेशींना वाचवतं तसं कॅन्सरच्या उरल्यासुरल्या पेशींनाही वाचवू शकतं. ही नुसती शंका नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मान आणि तोंडाच्या भागातल्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना लाईट चालू असताना आणि नंतर तीन वर्षं व्हिटॅमिन ई दिलं, त्यातल्या काहींना बीटा कॅरोटीनही, आणि बाकीच्यांना खोट्या गोळ्या. २००५ मध्ये निकाल आले. तोंडातले फोड आणि इतर तात्कालिक त्रास खरंच कमी झाले होते. पण कॅन्सर परतण्याकडे कल जास्त दिसला आणि पुढच्या वर्षांत मृत्यूही जास्त झाले, विशेषतः लाईट चालू असताना सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये. त्रास कमी झाल्यावर पेशंटला वाटतं औषध लागू पडलं. यातली खरी भीती तीच आहे. तो अभ्यास स्तनाच्या कॅन्सरवर नव्हता हे खरं, पण हा प्रयोग मी तुमच्या वहिनीवर होऊ देणार नाही. ‘इम्युनिटी’च्या नावाखाली मिळणाऱ्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क, हळदीच्या जाड डोसाच्या गोळ्या हेही त्या काळात बंद ठेवावं. भाजीतली हळद, फळं, बदाम खुशाल खाऊ द्या.

मग लाईटच्या आधी घेऊन नुकसान टाळणारं औषध आहे तरी का? अमिफोस्टिन नावाचं एक आहे. अणुयुद्धात सैनिकांचा बचाव व्हावा म्हणून अमेरिकेच्या लष्करानं ते शोधलं, आणि १९९९ मध्ये तोंड कोरडं पडू नये म्हणून लाईटच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली. रोज लाईटच्या आधी शिरेतून द्यायचं, उलट्या होतात, बीपी धाडकन पडतं. आज ते फारसं वापरत नाहीत. त्याची जागा औषधानं घेतली नाही, मशीननं घेतली. आयएमआरटी पद्धतीत किरणांना आकार देऊन लाळेच्या ग्रंथी वाचवता येतात. इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या पद्धतीनं लाईट घेतलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांचं तोंड वर्षानंतरही त्रास होण्याइतकं कोरडं होतं, आयएमआरटीत ते ३८ टक्क्यांवर आलं. नुकसान टाळणारी एवढी ताकद मी कुठल्या गोळीत पाहिलेली नाही. म्हणून घरात कोणाच्या लाईट सुरू व्हायच्या असतील तर मेडिकलमध्ये चौकशी करण्याआधी डॉक्टरांना प्लॅनबद्दल विचारा.

वहिनींच्या बाबतीत विचारायचं ते असं. पूर्वी स्तनाला पाच आठवड्यांत २५ लाईट देत, आता बहुतेकींना तीन आठवड्यांत १५ पुरतात आणि काहींना ५ सुद्धा. त्यांच्यासाठी काय ठरलं आहे? डाव्या बाजूचा कॅन्सर असेल तर श्वास रोखून लाईट द्यायची सोय आहे का? छाती फुगली की हृदय किरणांपासून दूर सरकतं. कातडीसाठी मात्र खरंच औषध आहे आणि ते आधीपासून लावायचं आहे. मोमेटासोनसारखं स्टेरॉइड क्रीम पहिल्या लाईटपासून दिवसातून एकदा पातळ लावलं तर कातडी कमी भाजते. तेही डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, चुना-हळद, बाजारू लेप यातलं काही त्या जागी नको. मऊ सुती कपडे घालावेत. खांद्याचा व्यायाम ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टनं शिकवला असेल तो लाईट चालू असताना बंद पडू देऊ नका, नाहीतर पदर सावरताना हात वर जात नाही. मिश्री लावायची सवय असेल तर आता सोडवा. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात आणि लाईटनंतरची जखम भरत नाही. लाईट संपल्यावर काही महिन्यांनी स्तन कडक वाटायला लागला, तर ही जोडी तेव्हा विचारात घेता येईल.

वडिलांकडे परत येते. कारण त्यांच्यासाठी रोज घरी करायचं जे आहे ते गोळीइतकंच काम करतं. तोंड उघडायचा व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून पुढच्या दातांमध्ये घालायच्या, ताण बसेल पण दुखणार नाही एवढ्याच. थोडा वेळ तसंच ठेवायचं, सोडायचं, पुन्हा करायचं. आठवड्या-दोन आठवड्यांनी जमलं तर एक काडी वाढवायची. हलणाऱ्या दाढेवर दाब येऊ देऊ नका, आणि दाढेचं काय ते ठरेपर्यंत जोर लावू नका. मान दोन्ही बाजूंना वळवणं, वाकवणं, खांदे फिरवणं हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या.

लाळ नसली की दात हिरडीच्या कडेशी तपकिरी होऊन किडतात, आणि मग पुन्हा दाढ काढायचा प्रश्न उभा राहतो. म्हणून जास्त फ्लोराइड असलेली पेस्ट दंतवैद्याकडून लिहून घ्या. तोंड कोरडं पडतं म्हणून लिंबाच्या गोळ्या चघळत असतील तर बंद करा, त्यात साखर आणि आम्ल दोन्ही असतं, आणि वडिलांना तर शुगरही आहे. पाण्याची बाटली जवळ ठेवून घोट घोट प्यावं. लाळ वाढवणारी पिलोकार्पिनची गोळी असते. काहींना तिचा चांगला उपयोग होतो, पण घाम येतो, आणि दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर जपून द्यावी लागते.

कोणीतरी तुम्हाला ऑक्सिजनच्या बंद कोठडीत बसवायचा सल्लाही देईल, देणारे असतातच. दाढ काढण्याआधी हाड वाचवायला हायपरबेरिक ऑक्सिजन पूर्वी सर्रास सांगत असत. इंग्लंडमधल्या हॉपॉन अभ्यासात, ज्याचे निकाल २०१९ मध्ये आले, ऑक्सिजन घेतलेल्या ६.४ टक्के लोकांचं हाड उघडं पडलं आणि न घेतलेल्या ५.७ टक्के लोकांचं. म्हणजे फायदा काहीच नाही. त्यासाठी कर्ज काढू नका.

फाइल घेऊन जाल तेव्हा रक्ताची टीएसएच तपासणीही करून घ्या. मानेला लाईट दिल्यावर थायरॉइड हळूहळू मंद पडतं. थकवा, बद्धकोष्ठ, चेहऱ्यावर सूज, सुस्ती हे सगळं आपण ‘कॅन्सरची कमजोरी’ म्हणून सोडून देतो. ही तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी व्हायला हवी आणि कमी निघालं तर उपाय साधा आहे. बरोबर ऑपरेशनचा कागद, लाईटच्या डोसचा कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जबड्याचा एक्स-रे काढला असेल तर तो घ्या. दातांच्या डॉक्टरांचा फोन नंबरही लिहून न्या, म्हणजे लाईटचे डॉक्टर त्यांच्याशी थेट बोलू शकतील. डोसचा कागद सापडत नसेल तर जिथे लाईट दिल्या तिथल्या रेडिएशन विभागात केस नंबर सांगून प्रत मागा.